रोजच्या वस्तू आणि अनित्यतेचे शिल्प

भांडी, खुर्च्या, चपला, घड्याळे, फळांच्या साली, दूध, राख अशा रोजच्या वापरातल्या वस्तू हेच माध्यम मानून केलेली शिल्पे गेल्या शंभर वर्षांत जगाच्या कलेतला एक ठळक प्रवाह बनली आहेत. दगड आणि धातू ही शिल्पाची जुनी माध्यमे. ती टिकाऊ म्हणूनच निवडली जात. राजा गेला तरी पुतळा उरावा, भक्त गेला तरी मूर्ती उरावी, अशी त्यामागची धारणा होती. रोजच्या वस्तूंनी या धारणेलाच हात घातला. वापराने झिजणे, फुटणे, कुजणे, हरवणे आणि दुसऱ्याच्या हाती जाणे हे त्यांचे प्राक्तन असते. अशा वस्तूचे शिल्प झाले की एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. जे नाशवंत आहे ते नाशवंत म्हणूनच कसे दाखवायचे, आणि ते पाहणाऱ्याने त्यातून काय घ्यायचे?

धर्म आणि तत्त्वज्ञान अडीच हजार वर्षे या प्रश्नाभोवती फिरत आहेत. समकालीन शिल्पकारांनी त्यात जी भर घातली ती मोलाची आहे. सारे काही जाणार आहे, हे दुःखद सत्य सांगून ते थांबले नाहीत. जाणाऱ्या गोष्टीची काळजी कोणी आणि किती काळ घ्यायची, या नैतिक प्रश्नापर्यंत त्यांनी पाहणाऱ्याला आणले.

वस्तू शिल्पात कशी आली

सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये, विशेषतः लायडन शहरात, 'वानितास' नावाचा वस्तुचित्रांचा प्रकार बहरला. टेबलावर कवटी, विझलेली मेणबत्ती, वाळूचे घड्याळ, कलंडलेला पेला आणि अर्धे सोललेले लिंबू अशी त्याची मांडणी असे. बायबलच्या जुन्या करारातील 'उपदेशक' या ग्रंथाने ऐहिक वैभव व्यर्थ ठरवले आहे, आणि ही चित्रे तोच उपदेश घरच्या वस्तूंमधून करीत. त्यांच्यात एक विसंगती मात्र राहून गेली. रंगवलेले लिंबू साडेतीनशे वर्षांनंतरही रसरशीतच दिसते. नाशाचा उपदेश करणारी वस्तू स्वतः नाशापासून सुरक्षित राहिली.

ही विसंगती सुटायची तर चित्रातल्या वस्तूच्या जागी खरी वस्तू यायला हवी होती. मार्सेल द्युशां या फ्रेंच कलावंताने 1913 मध्ये सायकलचे चाक एका स्टुलावर बसवले. 1917 मध्ये त्याने चिनी मातीचे एक मूत्रपात्र 'फाउंटन' या नावाने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला पाठवले. आयोजकांनी ते मांडलेच नाही आणि पुढे ती मूळ वस्तू हरवली. आज संग्रहालयांत दिसतात त्या 1950 नंतर द्युशांच्या संमतीने झालेल्या प्रतिकृती. द्युशांला अनित्यतेची चर्चा करायची नव्हती. कलावस्तू कशामुळे कलावस्तू ठरते, एवढाच त्याचा प्रश्न होता. पण दुकानात मिळणारी वस्तू जशीच्या तशी दालनात ठेवता येते, हे एकदा मान्य झाल्यावर त्या वस्तूचे आयुष्यही तिच्याबरोबर दालनात आले.

त्या आयुष्याचा विचार 1960 नंतर गांभीर्याने सुरू झाला. इटलीत 1967 च्या सुमारास 'आर्ते पोवेरा', म्हणजे गरीब कला, या नावाने तरुण कलावंतांचा एक गट ओळखला जाऊ लागला. माती, चिंध्या, कोळसा, भाजीपाला अशी साधी द्रव्ये ते वापरत. तुरिनच्या जोव्हान्नी अन्सेल्मो याचे 1968 मधले एक शिल्प या विषयात पायाभूत मानावे लागते. ग्रॅनाइटचा एक उभा चौकोनी खांब आहे. त्याच्या वरच्या टोकाला ग्रॅनाइटचाच एक लहान तुकडा तांब्याच्या तारेने बांधला आहे, आणि दोन्ही दगडांच्या मध्ये लेट्यूसचा ताजा गड्डा दाबून बसवला आहे. पाने टवटवीत आहेत तोवर तार ताणलेली राहते. पाने सुकून आकसली की तार सैल पडते आणि लहान दगड खाली येतो. तो पडू द्यायचा नसेल तर ठरावीक दिवसांनी ताजी भाजी घालावी लागते. या कृतीला 'खाणारे शिल्प' म्हणून ओळखतात. ग्रॅनाइट हे अमरत्वाचे माध्यम. इथे ते मंडईतल्या भाजीच्या भरवशावर उभे आहे. कायम टिकणारे आणि चार दिवसांत संपणारे यांचे परस्परावलंबन इतक्या थोडक्यात दाखवणारी दुसरी कृती मिळणे कठीण.

अनित्यतेचे तीन अर्थ

सगळे बदलते, यावर भारतीय दर्शनांचे फारसे दुमत नाही. बदलाच्या मागे काही उरते का, यावर मात्र तीव्र मतभेद आहेत. वस्तूंच्या शिल्पांचा अर्थ लावताना हे मतभेद उपयोगी पडतात, कारण ही शिल्पेही वेगवेगळ्या बाजूंनी उभी आहेत.

बौद्ध मताप्रमाणे अनित्यता हे अस्तित्वाच्या तीन लक्षणांपैकी एक. दुःख आणि अनात्मता ही उरलेली दोन. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाचे उदाहरण देतो. चाक, आस, दांडी यांपैकी एकही भाग म्हणजे रथ नव्हे, आणि हे भाग वगळून रथ नावाची निराळी वस्तूही नाही. भागांच्या विशिष्ट मांडणीला रथ हे व्यवहारातले नाव पडले आहे. त्याच ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त आहे. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही. धर्मकीर्तीसारख्या पुढच्या काळातल्या बौद्ध तार्किकांनी याच विचारातून क्षणिकवाद तर्कशुद्ध रीतीने मांडला. त्यांच्या मते जे आहे ते क्षणोक्षणी नवे आहे, आणि आपण ज्याला वस्तू म्हणतो तो एक प्रवाह आहे.

जैन दर्शन मधली वाट घेते. उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य ही तिन्ही प्रत्येक सत् वस्तूत एकाच वेळी असतात, असे उमास्वातीचे 'तत्त्वार्थसूत्र' सांगते. आचार्य समंतभद्रांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. सोन्याचा घट वितळवून मुकुट केला. ज्याला घट हवा होता त्याला दुःख झाले, ज्याला मुकुट हवा होता त्याला आनंद झाला आणि ज्याला सोने हवे होते तो शांत राहिला. घटना एकच होती. कोणाची नजर रूपावर होती आणि कोणाची द्रव्यावर, त्याप्रमाणे तिचे फळ बदलले.

अद्वैत वेदान्त आणखी पुढे जातो. छांदोग्य उपनिषदातील मातीच्या दृष्टान्ताचा आधार घेऊन तो म्हणतो की घडा, परळ, पणती ही नावे आणि आकार आहेत, खरी ती माती. नाश आकाराचा होतो, अधिष्ठानाचा होत नाही. म्हणूनच नित्य काय आणि अनित्य काय यांचा विवेक ही साधनेची पहिली पायरी ठरते.

प्रवाह: रोज नव्याने केलेले शिल्प

बौद्ध मताच्या सर्वांत जवळ जाणाऱ्या कृती त्या, ज्यांचे द्रव्य सतत बदलते आणि ज्यांची ओळख केवळ मांडणीत टिकते.

फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस हा 1957 मध्ये क्युबात जन्मलेला आणि अमेरिकेत काम केलेला कलावंत. त्याचा सहचर रॉस 1991 मध्ये एड्सने गेला. त्याच वर्षी त्याने रॉसचे 'व्यक्तिशिल्प' केले. रंगीबेरंगी चमकत्या कागदांत गुंडाळलेल्या गोळ्यांचा तो ढीग आहे. त्याचे आदर्श वजन 175 पौंड, म्हणजे सुमारे 79 किलो, सांगितलेले आहे. हे निरोगी माणसाचे वजन, असा त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो. बघायला आलेल्या कोणालाही त्यातली गोळी उचलून खाता येते. ढीग आजाऱ्याच्या देहासारखा कमी कमी होत जातो. मात्र गोळ्यांची भर घालत राहण्याची मुभा संग्रहालयाला आहे, त्यामुळे तो पुन्हा भरता येतो. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मांडलेल्या ढिगात आज रॉसच्या काळातली एकही गोळी नाही, तरी ते रॉसचेच शिल्प आहे. नागसेनाच्या दिव्याचे कोडे इथे आधुनिक वेशात उभे आहे. गोळी तोंडात विरघळते तेव्हा पाहणारा स्वतः त्या क्षयात सहभागी होतो. त्याच कलावंताच्या दुसऱ्या एका कृतीत भिंतीवरची दोन सारखी घड्याळे शेजारी शेजारी लावलेली आहेत. ती एकाच वेळेला लावून सुरू करतात, पण बॅटरी उतरू लागली की त्यांच्यात अंतर पडते. कोणते आधी थांबेल हे आधी सांगता येत नाही. गोन्झालेझ-टोरेस स्वतः 1996 मध्ये एड्सनेच गेला.

जर्मन शिल्पकार वोल्फगांग लाइब याची वाट अधिक ध्यानाची आहे. 1950 मध्ये जन्मलेल्या लाइबने वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले, पण देहाविषयीचे आपले प्रश्न त्या शास्त्रात सुटत नाहीत असे वाटून तो कलेकडे वळला. कुटुंबामुळे दक्षिण भारताशी त्याचा लहानपणापासून संबंध आला आणि पुढे मदुराईजवळ त्याने कार्यशाळाही उभारली. 1975 मध्ये त्याने पहिला 'दुधाचा दगड' केला. पांढऱ्या संगमरवराची एक सपाट लादी घेऊन तिचा वरचा पृष्ठभाग त्याने इतका हलका घासला की डोळ्याला खोलगटपणा जेमतेम जाणवावा. त्या उथळ जागेत सकाळी दूध ओततात. दूध कडेपर्यंत पसरते आणि काठावर थबकते. दगड कुठे संपला आणि दूध कुठे सुरू झाले हे काही फुटांवरून कळत नाही. संध्याकाळी दूध काढून दगड धुऊन पुसून ठेवावा लागतो, नाहीतर ते नासते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. प्रदर्शन सुरू होताना लाइब पहिल्यांदा दूध ओततो, नंतर ते काम संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांकडे जाते. लादी किती वर्षे टिकेल याला इथे महत्त्व नाही. रोज सकाळी कोणीतरी यायला हवे, यावर ही कृती उभी आहे. नित्यपूजेची सवय असलेल्या समाजाला यातला आशय समजावून सांगावा लागत नाही.

रूपांतर: द्रव्य तेच, आकार दुसरा

वस्तूचा एक जन्म संपवून तिला दुसरा देणारी शिल्पे जैन दृष्टान्तातल्या सोन्याची आठवण करून देतात. भारतीय कलावंतांचे या बाजूचे काम लक्षणीय आहे.

बिहारमधल्या खगौल इथे 1964 मध्ये जन्मलेले सुबोध गुप्ता स्टीलच्या ताटवाट्या, डबे, बादल्या आणि टिफिन यांतून शिल्पे उभी करतात. 2006 मध्ये पॅरिसमधल्या एका चर्चमध्ये त्यांनी 'व्हेरी हंग्री गॉड' ही प्रचंड कवटी मांडली. ती पूर्णपणे स्टीलच्या भांड्यांची आहे. वानितास चित्रातली कवटी इथे भारतीय स्वयंपाकघरातून परत आली. तिच्या चकाकीत अन्न आहे आणि उपासमारही आहे. ज्या भांड्याने देह पोसला जातो त्याच भांड्याचा मृत्यूचा चेहरा होतो. या कृतीची एक मर्यादाही नोंदवायला हवी. स्टील गंजत नाही आणि कुजत नाही. त्यामुळे कवटी मृत्यूची खूण म्हणून काम करते, पण स्वतः मरत नाही. या अर्थाने ती अन्सेल्मोपेक्षा डच चित्रकारांना जवळची आहे.

कर्नाटकात जन्मलेल्या शीला गौडा यांच्या कामात द्रव्य खरोखरच बदलते. 1990 नंतर त्यांनी शेण, कुंकू, सुई-दोरा आणि केसांचे दोर ही माध्यमे हाताळली. 2007 मध्ये जर्मनीतल्या कासेल इथल्या 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनात मांडलेल्या 'कोलॅटरल' या कृतीसाठी उदबत्तीच्या लगद्याचे आकार करून ते जाळीच्या चौकटींवर मांडले आणि पेटवून दिले. दर्शकापुढे उरली ती राख, जळण्यापूर्वीचा आकार जेमतेम धरून ठेवणारी. फुंकर मारली तरी ती विस्कटेल. देवापुढे जळणारी उदबत्ती आणि युद्धात होरपळलेली वस्ती या दोन्हींचा बोध तिच्यातून होतो.

मुंबईत राहून काम करणारे सुदर्शन शेट्टी यांनी हा विचार मोडलेल्या वस्तूंपर्यंत नेला. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेल्या शेट्टी यांचे 2010 मधले प्रदर्शन भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात झाले. हेही दिवस जातील, या अर्थाचेच त्याचे इंग्रजी शीर्षक होते. 1872 मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या, जुन्या वस्तूंनी भरलेल्या वास्तूत ते मांडल्यामुळे जपून ठेवण्याचा हव्यासच चर्चेत आला. पुढच्या एका मालिकेत त्यांनी फुटलेल्या चिनी मातीच्या कपबशा आणि भांडी घेऊन त्यांचे हरवलेले भाग लाकडात कोरून बसवले. भांडे पुन्हा पूर्ण दिसते, पण त्यात आता चहा ओतता येत नाही. आकार परत मिळाला आणि उपयोग मिळाला नाही. घट हवा असलेल्या माणसाचे दुःख त्या जोडकामात कायम राहते. 2016 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मांडलेल्या 'शून्य घर'मध्ये तर त्यांनी गोरखनाथांच्या निर्गुणी काव्याचा आधार घेऊन जुन्या लाकडाची वास्तू उभारली. नाथपंथाच्या काव्यात देहाला घर म्हणतात. इथे ते घर पाहणाऱ्याला आत जाता येईल असे उभे राहिले.

मागे राहिलेल्या वस्तू

माणूस जातो आणि त्याच्या वस्तू राहतात, ही अनित्यतेची सर्वांत ओळखीची बाजू. चिनी कलावंत सोंग दोंग याने 2005 मध्ये बीजिंगमध्ये जी मांडणी केली तिच्यात त्याच्या आईने आयुष्यभर साठवलेल्या दहा हजारांहून अधिक वस्तू होत्या. टंचाईच्या काळात काहीही टाकायचे नाही ही तिची शिस्त होती. 2002 मध्ये पती वारल्यानंतर तिचे हे साठवणे दुःखात बुडालेल्या माणसाच्या ध्यासासारखे झाले. मुलाने तिला आग्रहाने सोबत घेतले, आणि रिकाम्या टूथपेस्टच्या नळ्या, बाटल्यांची झाकणे, साबणाच्या वड्या, चिंध्या, बूट, नीट घड्या घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या असा सारा पसारा दोघांनी मिळून प्रकारवार लावला. दालनात वर निऑन दिव्यांची अक्षरे होती. आम्ही सगळे ठीक आहोत, काळजी करू नका, असा दिवंगत वडिलांना उद्देशून तो निरोप होता. वस्तू आवरता आवरता आई लोकांशी बोलू लागली आणि शोकातून बाहेर आली. 2009 मध्ये तीही गेली, आणि तेव्हापासून मांडणीचे काम मुलगा, मुलगी आणि सून करतात. वस्तूंना चिकटून राहणे हे दुःखाचे मूळ, असे बौद्ध मत सांगते. या कृतीने त्यात एक बारीक भेद दाखवला. वस्तू सोडून देण्याआधी त्या एकदा नीट हाताळाव्या लागतात, आणि तेही एकट्याने नव्हे.

प्रत्येक जाणे मात्र निसर्गक्रमाने झालेले नसते. कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो यांनी बेपत्ता केल्या गेलेल्या स्त्रियांचे बूट त्यांच्या कुटुंबीयांकडून मिळवले. भिंतीत कोरलेल्या कोनाड्यांत ते ठेवून कोनाड्याचे तोंड त्यांनी जनावराच्या मूत्राशयाच्या अर्धपारदर्शक पडद्याने झाकले आणि शस्त्रक्रियेच्या जाड दोऱ्याने तो पडदा भिंतीला शिवला. बूट दिसतात, पण धूसर. मृत्यूची खात्री नाही, म्हणून शोकालाही शेवट नाही. 'सारे अनित्य आहे' हे वाक्य अशा ठिकाणी उच्चारणे अन्यायाचे ठरते. माणूस मर्त्य आहे हे खरे, पण त्याला कोणी मारले हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. अनित्यतेचे तत्त्वज्ञान हिंसेवर पांघरूण घालण्यासाठी वापरले जाऊ नये, हा इशारा साल्सेदो यांच्या कामाइतका ठामपणे क्वचितच कोणी दिला असेल.

जतनाचा पेच

संग्रहालयाचे काम टिकवणे, आणि या कृतींचा आशय न टिकणे. या पेचाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकन कलावंत झोई लेनर्ड यांचे. मित्राच्या मृत्यूनंतर, 1992 ते 1997 या काळात, त्यांनी संत्री, केळी, लिंबे, ॲव्होकॅडो अशा सुमारे 300 फळांच्या साली खाऊन झाल्यावर सुईदोऱ्याने पुन्हा शिवल्या. काहींना गुंड्या आणि चेनही लावल्या. आत फळ नाही, बाहेर टाके. जतनतज्ज्ञाच्या मदतीने कुजणे थांबवण्याचा उपाय त्यांना मिळालाही होता. तो काही सालींवर यशस्वी ठरला, आणि तरीही लेनर्ड यांनी तो नाकारला. टाके घालणे हे शोकाचे काम होते. साल सुकणे, काळी पडणे, चुरा होणे हा त्याच कामाचा पुढचा भाग. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाने हे मान्य करून ती कृती स्वीकारली.

या उदाहरणांवरून जतनाच्या दोन पद्धती दिसतात. लेनर्ड यांच्या कृतीत संग्रहालयाने हात आवरायचा आहे. लाइब, अन्सेल्मो आणि गोन्झालेझ-टोरेस यांच्या कृतींत हात चालू ठेवायचा आहे. दोन्हींत वस्तूपेक्षा वचन मोठे आहे. शिल्पकाराच्या पश्चात त्याने घालून दिलेली रीत पाळली जाते की नाही, यावर कृतीचे असणे अवलंबून राहते. परंपरा टिकते तीही अशीच, माणसे बदलत राहून.

या कलेवर घेतला जाणारा एक आक्षेप गंभीर आहे. नश्वरतेचा बोध देणाऱ्या या कृती प्रचंड किमतीला विकल्या जातात आणि धनिकांच्या संग्रहात अडकतात, मग वैराग्याचा हा उपदेश पोकळ ठरत नाही का? स्टीलच्या कवटीसारख्या, एकदा घेतली की कायमची आपली होणाऱ्या कृतींना हा आक्षेप लागू पडतो. दुधाच्या दगडाला तो तितकासा लागत नाही. तो विकत घेणाऱ्याने खरे तर रोजचे एक काम विकत घेतलेले असते, आणि ते काम थांबले की त्याच्याजवळ नुसती लादी उरते.

वेदान्ताला अभिप्रेत असलेले न बदलणारे अधिष्ठान या शिल्पांत सापडत नाही, आणि ती त्याचा दावाही करीत नाहीत. रूपाच्या पातळीवर जे घडते तेवढेच ती दाखवतात. पण त्या पातळीवर त्यांचे सांगणे पक्के आहे. नाशवंत असणे हे वस्तूचे न्यून नव्हे. नाशवंत असल्यामुळेच तिला कोणाच्या तरी काळजीची गरज पडते, आणि काळजी घेण्यातूनच माणसामाणसांत नाते तयार होते. म्हणून अशा शिल्पापुढे उभे राहिल्यावर ते कशाचे प्रतीक आहे हे आधी शोधू नये. ते उद्याही इथे असावे यासाठी आज कोणाला काय करावे लागते, हे विचारावे. ज्या शिल्पाकडे या प्रश्नाचे उत्तर आहे, त्याला अनित्यता खरोखर कळली आहे.